सात कोटी एकोणचाळीस लाख एकोणचाळीस हजार एकशे तेहतीस

कळसच्या थांब्यावर सर गाडीत चढले की आधी तिकिटाचा नंबर बघायचे आणि मग जागेकडं बघायचे. मी बारामतीहून येत असे, त्यामुळं शेजारची जागा पिशवी ठेवून त्यांच्यासाठी धरलेली असायची. पण सर लगेच बसत नसत. एका हातानं वरचा दांडा धरून, दुसऱ्या हातातलं ते चिठोरं डोळ्यांजवळ नेऊन, ओठ हलवत उभे राहायचे. कधी दोन मिनिटं लागायची, कधी आमच्या शाळेचं गाव येईपर्यंत लागायचं. नंबर सुटला की बसायचे आणि मला निकाल सांगायचे.

“बाई, आज फसवणार होता. दहा हजार चारशे तीन. दिसतो कसा सोवळा, पण एकशे एक गुणिले एकशे तीन हाय.”

मी मराठीची शिक्षिका. मला सात आणि आठची बेरीज करायलाही बोटं लागतात. मी म्हणायचे, “अस्सं?” सरांना तेवढं पुरायचं.

ज्या संख्येला एक आणि ती स्वतः, यांच्याशिवाय कशानंच पूर्ण भाग जात नाही, ती मूळ संख्या. दोन, तीन, पाच, सात, अकरा, तेरा. हे आपण सगळेच शाळेत शिकतो आणि सगळेच विसरतो. सर विसरले नाहीत. साऱ्या शाळेत, आणि मला वाटतं साऱ्या इंदापूर तालुक्यात, मूळ संख्यांची काळजी वाहणारा हा एकच माणूस होता. मुलं त्यांना ‘मूळ सर’ म्हणायची. मागच्या बाकावरची मुलं ‘मूळव्याध’ म्हणायची. सरांना ते ठाऊक होतं. एकदा स्टाफरूममध्ये कुणीतरी तक्रार केली तेव्हा म्हणाले, “म्हणू द्या की. मूळ तरी ध्यानात ऱ्हातंय.”

मी एक्क्याण्णव साली रुजू झाले. पहिल्या दिवशी हेडमास्तरांनी ओळख करून दिली. सरांनी माझं नाव, गाव, शिक्षण काहीच विचारलं नाही. म्हणाले, “एक्क्याण्णव साली लागलात व्हय? एक्क्याण्णव लय लबाड. पोरं मूळ समजत्यात. पण तेरा सत्ते एक्क्याण्णव.” मला वाटलं, या माणसापासून जरा लांबच राहावं. पुढं सहा वर्षं आम्ही एकाच गाडीनं आलो-गेलो.

त्यांचं एक वाक्य आमच्या शाळेत म्हणीसारखं झालं होतं. ‘आधी तीननं बघितलं का?’ कुठल्याही मोठ्या संख्येला कशानं भाग जातो हे शोधायचं तर आधी सोप्यानं सुरुवात करावी, अंकांची बेरीज करावी, तीननं भाग जातो का पाहावं, असा त्याचा मूळ अर्थ. पण सर ते कुठंही वापरायचे. एकदा हेडमास्तरांची लुना सुरू होईना. शिपाई, पीटीचे सर, दहावीची चार मुलं, सगळी घामाघूम झाली. प्लग काढून पुसला, ढकलून पाहिली. सर वर्गावरून येताना थांबले, म्हणाले, “आधी तीननं बघितलं का?” आणि खाली वाकून पेट्रोलचा कॉक फिरवला. कॉक बंद होता. लुना सुरू झाली. माझी मुलगी लहानपणी रात्रंदिवस रडायची, तेव्हाही त्यांनी हेच विचारलं. मी चिडले. घरी जाऊन बघितलं तर अंगातलं नवीन झबलं काखेत काचत होतं.

मुलांच्या वह्या तपासण्यात मात्र त्यांचा नाद कुणाला परवडण्यासारखा नव्हता. आम्ही बाकीचे वहीवर एक लांबलचक लाल रेघ ओढून मोकळे व्हायचो. सर एकेक गणित वाचायचे. जिथं मूल चुकलं, नेमकी तीच पायरी शोधून बाजूला हिरव्या पेनानं लिहायचे, ‘इथपर्यंत बरोबर.’ चूक असा शब्द त्यांनी कुणाच्या वहीत लिहिलेला मी पाहिला नाही. साठ वह्यांचा गठ्ठा बांधून घरी न्यायचे. पावसात तो गठ्ठा स्वतःच्या छत्रीखाली आणि सर भिजत, असं दृश्य मी बऱ्याचदा पाहिलं आहे.

आता त्या मोठ्या आकड्याविषयी सांगते.

आमच्या शाळेत नववी आणि आठवी यांच्यामध्ये भिंत नव्हती, पत्र्याचं पार्टिशन होतं, तेही पुरुषभर उंचीचं. पलीकडं सरांचा तास असला की अलीकडं माझी कविता चालायची नाही. एका दुपारी पलीकडून सगळा वर्ग एका आवाजात ओरडला, “मूळ!” मग शांतता. मग पुन्हा, “मूळ!” माझी मुलं हसायला लागली. मी दारापर्यंत जाऊन डोकावले.

लहान संख्यांची उजळणी संपवून सरांनी आता फळ्यावर आठ अंक लिहिले होते. ७३९३९१३३. सर म्हणाले, “सात कोटी एकोणचाळीस लाख एकोणचाळीस हजार एकशे तेहतीस. हिला कशानंच भाग जात न्हाय. मी बघितलंय. आता हिचं शेपूट तोडतो.” आणि डस्टरनं शेवटचा तीन पुसला. राहिलं ७३९३९१३. “ही?”

“मूळ!” वर्ग ओरडला.

पुन्हा एक अंक पुसला. ७३९३९१. “मूळ!” मग ७३९३९. मग ७३९३. मग ७३९. मग त्र्याहत्तर. प्रत्येक वेळी मुलं ओरडत होती आणि सरांच्या चेहऱ्यावर, पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखं, नवल उमटत होतं. शेवटी फळ्यावर एकटा सात उरला. सर त्याच्याकडं बघत म्हणाले, “सगळं तोडलं तरी मूळच. अशी चीज हाय ही.” घंटा झाली तरी कुणी उठलं नाही.

त्या दिवशी परतीच्या गाडीत मी पहिल्यांदा त्यांना आपणहून प्रश्न विचारला. “सर, हा आकडा कुठल्या पुस्तकात आहे?”

“पुस्तकात न्हाय. मी काढलाय.”

त्यांनी तो कसा काढला, हे त्यांच्या घरी गेल्यावर मला कळलं. कळसला गावाबाहेर त्यांचं साधं दोन खोल्यांचं घर होतं, मागं थोडी डाळिंबं. वहिनींनी मला आत नेऊन एक लोखंडी ट्रंक दाखवली. तिच्यात जुन्या उत्तरपत्रिकांच्या पाठकोऱ्या बाजू शिवून केलेल्या वह्या होत्या. सातपासून सुरुवात करून पुढं एकेक अंक जोडत जायचं, जोडलेली संख्या मूळ आहे का बघायचं, नसली तर सोडून दुसरा अंक जोडायचा. आठ अंकांपर्यंत पोचल्यावर ती मूळ आहे हे ठरवायला आठ हजार सहाशेपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी एकेक करून भागून बघावं लागतं. तसे हजारावर भागाकार. सगळे हातानं. शाळेच्या ऑफिसात कॅल्क्युलेटर होता, पण सरांचा त्याच्यावर विश्वास नव्हता. “बटण दाबलं की उत्तर येतं. ते बरोबर हाय हे कुणाला इचारायचं?”

वहिनी हसत म्हणाल्या, “बाई, आमच्या घरात तिसरं माणूस हाय बघा. जेवायला मागत न्हाय एवढंच बरं.”

सरांना आता पुढचा ध्यास होता. आठ अंकी सापडली, तर नऊ अंकी सापडेल का? या संख्येला आणखी एक अंक जोडून ती मूळ राहील का? त्यांनी मला बसमध्ये समजावून सांगितलं, आणि आश्चर्य म्हणजे मला समजलं. शेवटी सम अंक किंवा पाच जोडला तर दोननं नाही तर पाचनं भाग जाणार. शून्यही बाद. उरले एक, तीन, सात, नऊ. आधीच्या आठ अंकांची बेरीज अडतीस. एक जोडला तर एकोणचाळीस, सात जोडला तर पंचेचाळीस. दोन्हींना तीननं भाग जातो, म्हणजे ते दोन्ही बाद. उरले तीन आणि नऊ.

“तीनवाला एका दुपारात पडला,” सर म्हणाले. “एकशे सत्तावीसनं भाग गेला. अठ्ठावन्न लाख एकवीस हजार नऊशे एकोणऐंशी वेळा. आता नऊवाला. सहाशेच्या पुढं आलोय, गडी पडायला तयार न्हाय.”

त्र्याहत्तर कोटी त्र्याण्णव लाख एक्क्याण्णव हजार तीनशे एकोणचाळीस. हा नऊवाला. तो मूळ आहे असं म्हणायचं तर सत्तावीस हजारांपर्यंतच्या, म्हणजे जवळजवळ तीन हजार मूळ संख्यांनी भागून बघायला हवं होतं. सर रोज सकाळी शाळेला निघण्याआधी तीन भागाकार करायचे. रविवारी दहा.

शहाण्णव सालच्या गणपतीनंतर सरांनी गाडीत माझ्याकडं एक कागद दिला. म्हणाले, “बाई, पुण्याच्या एका कॉलेजात गणिताचे मोठे प्रोफेसर हायत. त्यांना लिवायचंय, की मला अशी संख्या सापडली, ती कुणाला ठावं हाय का. माझी भाषा ही असली. तुमी जरा चांगल्या शब्दांत लिवून द्या.”

मी लिहिलं. चांगले शब्द वापरले. ‘सविनय’, ‘कृपाभिलाषी’ सगळं घातलं. पाकिटावर परतीचा पत्ता घालायची वेळ आली तेव्हा सर म्हणाले, “शाळेचा नको. हसत्यात. घरचा बी नको, आमच्याकडं पोस्टमन आठवड्यानं येतो. तुमचा बारामतीचा घाला.”

उत्तर दिवाळीच्या आधी आलं. पाकिटावर ‘यांजकडे’ म्हणून माझं नाव होतं. मी ते फोडलं. ते मी फोडायला नको होतं, पण पत्र मीच लिहिलेलं असल्यामुळं मला तो माझाच पत्रव्यवहार वाटला.

पत्र चार ओळींचं होतं, सभ्य आणि कोरडं. आपण कळवलेली संख्या गणितात पूर्वीपासून परिचित आहे. अशा प्रकारच्या एकूण त्र्याऐंशी संख्या असून त्या संगणकाच्या साहाय्यानं तपासल्या गेल्या आहेत. त्यांत आठ अंकी पाच आहेत आणि आपली संख्या सर्वांत मोठी आहे. नऊ अंकी एकही नाही. आपले परिश्रम कौतुकास्पद असले तरी यात नवीन काही नाही.

मी दोनदा वाचलं. ती ट्रंक माझ्या डोळ्यांपुढं आली. सरांची निवृत्ती सहा महिन्यांवर होती. मी ठरवलं, सुट्टी होऊ दे, दिवाळी गोड जाऊ दे, मग सांगू. सुट्टी संपली. तेव्हा सरांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. म्हटलं, डोळा बरा होऊ दे. डोळा बरा झाला तर पूर्वपरीक्षा आल्या. दर आठवड्याला सर गाडीत विचारायचे, “बाई, पुण्याचं काय?” आणि मी म्हणायचे, “अजून नाही, सर.” पहिल्यांदा हे वाक्य मी पिशवीत काहीतरी शोधत म्हटलं होतं. नंतर त्यांच्याकडं बघून म्हणता यायला लागलं. खोट्याची सवय होते ती अशी.

सत्त्याण्णवच्या एप्रिलमध्ये निरोप समारंभ झाला. शाळेच्या मैदानात मांडव, शाल, श्रीफळ, भिंतीवरचं घड्याळ. पीटीच्या सरांनी लुनाची गोष्ट सांगून सगळ्यांना हसवलं. मग सर बोलायला उभे राहिले. त्यांना भाषण येत नसे. फळा मागवला. त्यावर ती आठ अंकी संख्या लिहिली आणि म्हणाले, “ही मी बारा वर्षांत काढली. गेल्या साली पुण्याला कळवलीय. सहा-सात महिने झाले, त्यांचं उत्तर न्हाय. मी इचार केला, उत्तर का येत न्हाय? साधी गोष्ट असती तर लगेच आलं असतं. म्हंजे ते तपासत असणार. मोठ्या माणसांना बी तपासायला वेळ लागतोय, म्हंजे काहीतरी हाय हितं.”

मुलांनी टाळ्या वाजवल्या. हेडमास्तरांनीही वाजवल्या. मी पहिल्या रांगेत बसले होते आणि माझ्या हातांना टाळी वाजवता येईना. सरांनी त्या गर्दीत माझ्याकडं बघून मान हलवली. पत्र लिहिणारी म्हणून माझा त्यात वाटा आहे, असं त्यांना सांगायचं होतं.

दुसऱ्या दिवशी शाळा नव्हती. मी सकाळच्या गाडीनं कळसला गेले. सर डाळिंबाच्या बुंध्याशी आळी करत होते. मी पत्र त्यांच्या हातात दिलं. हात मातीचे म्हणून त्यांनी ते आधी खाली ठेवायला सांगितलं, हात धुतले, धोतराला पुसले, मग पत्र घेतलं. उभ्यानंच वाचलं. मग बांधावर बसून पुन्हा वाचलं.

मला वाटत होतं, ते आता खचतील. मी मनात वाक्यं जुळवत होते, की सर, संगणकाला जे जमलं ते तुम्ही एकट्यानं हातानं केलंत, ही केवढी गोष्ट. पण सरांचा चेहरा खुलत चालला होता.

“जुळलं,” ते म्हणाले. “सगळ्यात मोठी. लिवलंय हितं. माझं उत्तर जुळलं.” मग पाकीट उलटं करून त्यांनी पोस्टाचा शिक्का पाहिला. बराच वेळ पाहिला. “हे ऑक्टोबरातलं हाय.”

“हो, सर.”

“तुमच्याकडं होतं?”

“हो.”

“मी इचारत होतो तवा?”

मी मान हलवली. वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या, त्या आत गेल्या.

सर ओरडले असते तर बरं झालं असतं. ते हळू आवाजात बोलायला लागले. “बाई, मी मामाच्या गावी शिकलो. छप्पन सालच्या दीक्षेच्या आधीची गोष्ट. आमी चार पोरं दाराजवळ बसायचो. गुरुजी वाईट न्हवते, शिकवायचे. पण आमची पाटी हातात घ्यायचे न्हाईत. लांबनं बघायचे, हूं म्हणायचे. बरोबर असलं तरी हूं, चुकलं तरी हूं. घरी जाऊन मी माझी गणितं पुन्हा उलटी करून बघायचो, कारण सांगणार कुणी न्हाय. तवापास्नं मला एकच पायजे होतं. कुणीतरी माझी पाटी हातात घ्यावी आणि सांगावं. बरोबर तर बरोबर, चूक तर चूक.” त्यांनी पत्राची घडी केली. “ह्या माणसानं घेतली. माझी वळख न्हाय, पाळख न्हाय, तरी घेतली. आणि तुमी ती सहा महिने झाकून ठिवली. मला काय वाटलं असतं? वाईट वाटलं असतं. वाटू द्यायचं. तुमी मला कच्चा धरलात.”

“सर, मला वाटलं तुम्हाला त्रास...”

“व्हय. दया केलीत.” ते उठले. “गाडीची येळ झाली तुमची.”

वहिनी चहा घेऊन आल्या होत्या. मी तो उभ्यानं प्याले आणि निघाले. वहिनी फाट्यापर्यंत सोडायला आल्या. वाटेत एवढंच म्हणाल्या, “रागवायचं ठावं न्हाय त्यांना. आज पयल्यांदा बघितलं.”

त्यानंतर गाडीत कळस आलं की मी खिडकीबाहेर बघायचे. शेजारी पिशवी ठेवायची सवय काही दिवस गेली नाही. कुणी विचारलं, “इथं कुणी आहे का?” की दचकून पिशवी उचलायचे. दिवाळीला मी सरांना पत्र पाठवलं, माफी मागितली. या वेळी एकही जड शब्द घातला नाही. उत्तर आलं नाही. ते आपल्या वाट्याला आलेलं योग्यच आहे, असं मी स्वतःला समजावलं.

शाळेतही हळूहळू बदल झाले. पार्टिशन काढून भिंत बांधली. नवीन गणिताचे सर चांगले होते, वेळेत पोर्शन संपवायचे. वह्यांवर लाल रेघा आल्या. दहावीतली एक मुलगी मला एकदा म्हणाली, “बाई, आमचं गणित कुठपर्यंत बरोबर हाय ते आता कळत न्हाय.”

पावणेदोन वर्षं अशी गेली. नव्व्याण्णवच्या जानेवारीत, संक्रांतीनंतरच्या रविवारी, भर दुपारी बारामतीच्या आमच्या घराचं फाटक वाजलं. मी पापड वाळत घालत होते. बघते तर सर. वाळले होते, केस पार पांढरे झाले होते. हातात कापडी पिशवी. त्यांनी आधी डाळिंबं काढून माझ्या मुलीच्या हातात दिली, मग वही काढली.

“पडला,” ते म्हणाले.

मला क्षणभर कळलं नाही. मग कळलं. “नऊवाला?”

“नऊवाला. परवा सकाळी. भाग गेला. खाली शून्य.” ते ओसरीवर टेकले. “बाई, आधी मी भीत भीत भागत होतो. वाटायचं, न्हाईच गेला भाग तर? मग पुण्याच्या पत्रानं कळलं की नऊ अंकी एक बी मूळ न्हाय. म्हंजे ह्याला कशानं तरी भाग जातोच. फकस्त कशानं, ते त्यांनी लिवलं नव्हतं. म्हटलं, मग हे माझं. मग नुसतं पुढं जात ऱ्हायलो.” जरा थांबून म्हणाले, “पत्र येळेवर मिळालं असतं तर सहा महिने आधी आलो असतो.”

“चुकलं माझं, सर.”

“व्हय, चुकलं,” ते म्हणाले, आणि तो विषय तिथं संपला. त्यांनी वही माझ्यापुढं सरकवली. एका पानावर दोन संख्या होत्या, एक लहान, एक मोठी. “गुणाकार करा.”

“मी? सर, तुम्हाला माझं गणित माहीत आहे. मुलीचे बाबा येतीलच आता, ते करतील.”

“तुमी करा.”

मी मुलीची पाठकोरी वही घेतली आणि ओसरीवर बसून गुणाकाराला लागले. सर समोर बसले होते. पहिल्या वेळी हातचे विसरले, भलतंच उत्तर आलं. दुसऱ्या वेळी एक ओळ एक घर सोडून लिहायची राहिली. सरांना ते समोरून दिसत असणार, पण त्यांनी सांगितलं नाही. तिसऱ्या वेळी मी प्रत्येक अंकावर पेन टेकवत, मोठ्यानं म्हणत, सावकाश केला. बेरजेची रेघ ओढली. उजवीकडून अंक उतरवायला लागले. नऊ. तीन. तीन. एक. नऊ. तीन. नऊ. तीन. सात.

मी ते डावीकडून पुन्हा वाचलं. त्र्याहत्तर कोटी त्र्याण्णव लाख एक्क्याण्णव हजार तीनशे एकोणचाळीस. अंगावर काटा आला. शाळेत अकरा वर्षं गणित शिकले, त्या साऱ्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

“बरोबर आहे, सर,” मी म्हणाले. “मी पूर्ण करून बघितलं. बरोबर आहे.”

सरांनी डोळे मिटले, पुन्हा उघडले, आणि चहा मागितला. मी चहा केला. त्या दोन संख्या कोणत्या, हे मी इथं लिहीत नाही. त्या वेळी सरांनीच सांगितलं होतं, “कुणाला सांगू नका. ज्याला पायजे तो काढंल. आपण सांगितली तर त्याची मजा जाईल.” मी आजवर नवऱ्यालाही सांगितल्या नाहीत.

चहा पिऊन झाल्यावर मी कपाटातून कोरे कागद आणले. म्हटलं, “सर, पुण्याला पत्र लिहू या. आत्ताच लिहिते. उत्तर आलं की त्याच दिवशी मी स्वतः कळसला घेऊन येईन.”

सर वही पिशवीत घालत होते. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, जरा नवलानंच.

“आता कशाला?” ते म्हणाले. “तुमी तपासलं की.”

मग ते उठले, चपला घातल्या आणि साडेतीनची इंदापूर गाडी धरायला स्टँडकडं निघून गेले.